उकळलेलं पाणी

वस्तीतली मुलं तिला बाटलीताई म्हणायची. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती संशोधक होती, आणि खांद्यावरच्या पिशवीत सदा रिकाम्या बाटल्या खुळखुळायच्या. स्वभावानं भित्री. पाल दिसली की खुर्चीवर, कुत्रं भुंकलं की रस्ता बदलणार. "ही स्वतःच्या सावलीलाही वळसा घालून जाईल," असं तिची आई म्हणायची. तरी अनोळखी दारं ठोठावून "तुमचं पिण्याचं पाणी जरा देता का?" असं विचारायचं काम तिनं पत्करलं होतं. वाईट पाण्याची भीती तिच्या बाकी सगळ्या भीतींच्या वरताण होती, आणि तीच तिला घराबाहेर काढायची.

त्या वर्षी तिचा अभ्यास शहराच्या कडेला नव्यानं उठलेल्या घरांवर चालला होता. घरं दाटीवाटीची, संडासांचे शोषखड्डे बोअरला खेटून. तिची भाची तिथंच एका खोलीत भाड्यानं राहायची. तिचं बाळ अजून मान धरत नव्हतं. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून भाची त्याला पावडरचं दूध पाजायची. बाकी घरांबरोबर बाटलीताईनं भाचीकडूनही एक बाटली भरून आणली.

दुपारी त्या बाटलीचा आकडा यंत्रावर आला आणि तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं बाटली पुन्हा लावली. आकडा तोच. नायट्रेट, मर्यादेच्या कितीतरी वर. शोषखड्ड्यातलं घाण पाणी जमिनीत मुरून बोअरमध्ये उतरलं होतं. पाण्याला वास नाही, रंग नाही. मोठ्या माणसाला सहसा कळतही नाही, पण तान्ह्या बाळाच्या अंगात ते गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

तिनं लगेच भाचीला फोन लावला.

"मावशी, बरं झालं फोन केलास," भाची म्हणाली. "बाळ कालपासून किरकिरत होतं, आज तर नुसतं पडून आहे. ओठ काळपट दिसतात. थंडी बाधली असेल का गं?"

"दूध कशात कालवतेस?"

"बोअरच्या पाण्यात. पण चांगलं खळखळ उकळते हं. आज तर अर्धं पातेलं आटवलं."

उकळून भागणार नव्हतं, हे बाटलीताईला ठाऊक होतं. उकळलं की जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते मागं उरतं, आणखी दाट होऊन.

"आता एक थेंबही पाजू नकोस. बाळाला उचल आणि मोठ्या दवाखान्यात ये. मीही निघते."

"मावशी, तू मला घाबरवतेयस."

"घाबर. पण आधी रिक्षात बस."

दवाखान्यात तिनं बाळ पाहिलं. नखं जांभळट, चेहरा राखेसारखा. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, तर ते लाल नव्हतं, तपकिरी होतं.

"पाणी कुठलं वापरता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाटलीताई पुढं झाली. "बोअरचं. नायट्रेट आहे. आत्ताच तपासून आलेय."

"मलाही तीच शंका होती," म्हणत त्यांनी नर्सला औषध आणायला पिटाळलं. सुईतून बाळाच्या शिरेत गडद निळं औषध जाऊ लागलं.

"आधीच निळं पडलंय पोर, त्यात हे निळं कशाला?" भाची म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. "मीच पाजलं गं त्याला."

"उकळून घे असं सगळं जग सांगतं. तुझा काय दोष?" बाटलीताई म्हणाली, पण तिची नजर बाळाच्या छातीवरून हलेना. एक श्वास वर गेला की दुसरा येईपर्यंत तिचा स्वतःचा अडकायचा. शेवटी आधी कानाच्या पाळ्यांवर गुलाबी रंग उमटला, मग ओठांवर. बाळानं घसा फोडून भोकाड पसरलं, तेव्हा कुठं ती भिंतीला टेकून खाली बसली.

पण तिचा जीव भांड्यात पडेना. त्या गल्लीत बाळं आणखीही होती.

सकाळी ती तिथं पोचली, तर भाचीचा घरमालक वाटेतच आडवा आला. दणकट माणूस, आवाजही तसाच.

"पाणी काचेसारखं आहे माझं. लोकांना भडकवू नका. घरं ओस पडली तर?"

"माझं बोलणं खोटं वाटत असेल तर दवाखान्यात चला," ती म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे त्यालाही ऐकू येत होतं. त्यानं हात उगारला नाही, बाजूलाही झाला नाही. ती त्याच्या कडेनं अंग चोरून गेली आणि पहिलं दार ठोठावलं. बाळाला हे पाणी नको, उकळूनही नको. दारोदार हेच. एका घरात पाळणा हलत होता. तिथल्या बाईनं हातातली दुधाची बाटली तशीच मोरीत ओतली.

तिचा अहवाल गेला आणि नगरपालिकेचा टँकर यायला लागला. घरमालक बरेच दिवस धुसफुसला, आणि त्याची सूनही टँकरच्या रांगेत उभी राहिली तेव्हा गप्प झाला. शोषखड्डे बुजवून लांब खणले गेले. बोअर मात्र बंदच राहिला, कारण मुरलेलं लवकर निघत नाही.

बाळ बाळसं धरू लागलं. तरी भाची कितीतरी दिवस झोपलेल्या पोराला खिडकीशी नेऊन उजेडात त्याचे ओठ बघायची, आणि बाटलीताई भेटायला आली की तीही चप्पल काढायच्या आधी तेच करायची.