परीक्षकाची मूठ

सासूबाईंच्या वहीत सकाळची नोंद: ता. ९ जून, मंगळवार. सकाळपासून ढगाळ. दूध नासलं. धाकटा डबा विसरून गेला. आज सूनबाईची चाचणी.

सून अग्निशामक दलात होती. बाळंतपणानंतर पुन्हा बंबावर जायचं, तर गुडघे न टेकता तीस पुश-अप काढायचे. जमलं नाही तर वर्षभर फोनपाशी बसायचं. नुसत्या विचारानेच तिचा जीव टांगणीला लागे.

रोज घाम गाळूनही गाडी अठराच्या पुढे सरकेना. बंबाचा चालक, ज्याला सगळे पैलवान म्हणत, एक दिवस खेकसलाच.

"रोज तेच गिरवून काय होणार, ताई? एक दिवस वजनं उचला. जड, पण मोजकी. दुसऱ्या दिवशी पुश-अप. आणि चाचणीआधी दोन दिवस काहीच नाही!"

ती ऐकू लागली. बाकावर उताणी पडून जड बार छातीवरून वर ढकलायची. पुश-अपचा आकडा हळूहळू चढला. फक्त शेवटचा सल्ला काही तिच्या गळी उतरला नाही. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, पाठीवर पिठाची पिशवी घेऊन ती पुश-अप काढताना सासूबाईंना सापडली.

"अगं, पैलवान काय म्हणाला होता?"

"शेवटची उजळणी, आई. धीरच निघत नाही."

"परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारेच पेपरात पेंगतात!"

आणि झालंही तसंच. परीक्षकाने तिच्या छातीखाली मूठ धरली. मुठीला छाती टेकली तरच मोजायचं. विसाव्यालाच दंड भरून आले. सत्ताविसाव्याला परीक्षक म्हणाला, "टेकली नाही. पुन्हा."

हात ताठ ठेवून ती तशीच थांबली. एवढी सवलत होती. घाम डोळ्यांत उतरत होता. 'गेला बंब हातचा.'

"ताई, बार ढकलता तशी जमीन ढकला!" दारातून पैलवान ओरडला.

तिने श्वास घेतला आणि ढकलली. पुन्हा. पुन्हा. शेवटच्याला ती मुठीवर इतका वेळ राहिली, की परीक्षकाने भुवया उंचावल्या. मग दात आवळून ती वर आली.

"तीस."

ती तिथेच पालथी कोसळली.

"बंबावर चढवायला शिडी लावू का?" पैलवानाने विचारलं. हसायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंनी वहीत लिहिलं: सूनबाईची वेणी मी घातली. तिचे हात खांद्यापर्यंत जात नाहीत.