वाढायला बोलावलेल्या उद्योजिका

कडक भाकरी विकायला आलेल्या बायकांना आज पाहुण्यांची पंगत वाढायला लावली, म्हणून हे लिहिते आहे.

जुळे सोलापुरातल्या एका सभागृहात कर्नाटकातले व्यापारी आणि आपल्याकडच्या महिला उद्योजक यांची भेट ठरली होती. दोन्हीकडचा व्यापार वाढावा, हा हेतू. आमच्या बचत गटाच्या बायका माल घेऊन वेळेवर पोहोचल्या. संयोजकांनी त्यांच्या हातात आधी ओवाळणीची ताटं दिली, मग वाढपाची भांडी. व्यापाऱ्यांशी बोलायला स्वतः संयोजकच बसले.

अक्कलकोटजवळून आलेली शांताबाई म्हणाली, "साहेब, मला कन्नड येतंय की. मीच बोलते."

"ताई, आधी पाहुण्यांना जेवू द्या. घरचंच कार्य समजा!"

पाहुणे जेवले आणि सरळ गाडीकडे निघाले. मी गाडीच्या दारात उभी राहिले. "ज्यांचा माल बघायला आलात, त्यांना न भेटताच निघालात?"

विजापूरचे व्यापारी गोंधळले. "त्या? आम्हाला वाटलं, केटरिंगच्या बायका."

मग शांताबाई कन्नडमध्ये बोलू लागली आणि ते गाडीत बसायचे थांबले.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही 'उद्योजिका' म्हणून बोलावतात आणि पदर खोचायला लावतात का? मग तुम्ही गप्प का राहता?

शांताबाईने आज व्यापाऱ्यांच्या हातात दिलं ते असं: कडक भाकरीची दोन पाकिटं, शेंगाचटणीचा एक डबा आणि फोन नंबर. तिचा स्वतःचा, संयोजकांचा नाही.