मामांचं नाक आणि आमचं द्राक्षासव

दारूवर मत देणारा एक माणूस आमच्या नात्यात होऊन गेला, असं मी सुनांना सांगते तेव्हा त्या आधी दचकतात आणि मग माझ्या वाढत्या देहाकडे बघतात. जणू आता सगळा उलगडा झाला. माझा देह पुरणावर आणि तुपावर वाढलेला आहे, त्यात दारूचा थेंब नाही. पण माझा संसार सुरू होता होता एका घोटाशी अडला होता आणि त्याच घोटानं सुटला, हे मात्र खरं.

तो माणूस म्हणजे माझे सख्खे मामा. अकोल्याला सरकारी नोकरीत माती तपासायचे. शास्त्रज्ञ म्हणजे काय हे आमच्या मेडशीत कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून गावात त्यांना ‘माती चाखणारे साहेब’ म्हणत. म्हणण्यात खोटं काही नव्हतं. मामा खरंच ढेकळाचा खडा जिभेवर ठेवायचे आणि ही नाल्याकाठची, ही टेकाडावरची असं सांगायचे. नंतर नळ्या, कागद, तराजू हे सगळं व्हायचं, पण पहिला मान जिभेचा.

त्यांचे वरचे साहेब इंग्रज होते. त्यांना विलायतेहून पेटीनं बाटल्या यायच्या आणि एकट्यानं प्यायचा कंटाळाही यायचा. जो माणूस दोन शेतांतला फरक जिभेवर ओळखतो, तो दोन बाटल्यांतलाही ओळखेल, असं साहेबांच्या मनात आलं. मामांना तो छंद असा लागला. पेला हलके फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि सगळा थुंकून टाकायचा. मग डोळे मिटून मत सांगायचं. ती मतं साहेब पुढच्या मेजवानीत स्वतःची म्हणून सांगत, हे मामांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना हसूच येई. कुणी खोचकपणे विचारलं, “काय, घेता म्हणे?” तर म्हणायचे, “घेतो, पण ठेवून घेत नाही.”

सवय इतकी मुरली की मामा कशावरही मत देऊ लागले. ताकावर, विहिरीच्या पाण्यावर, लग्नाच्या पंगतीतल्या बुंदीवर. मी पहिल्यांदा वरण केलं तेव्हा म्हणाले, “सुरुवात धीट आहे. मधे जरा वाट चुकलं. शेवटी मात्र मीठच मीठ.” मी रडले. आज माझ्या वरणावर कुणी एवढा विचार करत नाही, मुकाट्यानं वरून पाणी घालतात.

माझं लग्न झालं ते वाशीमच्या एका वैद्याच्या घरी. सासऱ्यांचा गावाबाहेर भाजीचा मळा होता आणि पुढच्या ओसरीत औषधांचा पसारा. त्यांचं द्राक्षासव नावाजलेलं. मनुकांचा काढा, गूळ, मध, धायटीची फुलं असं सगळं तुपाचा हात फिरवलेल्या घागरीत भरायचं, तोंड कापडमातीनं लिंपायचं आणि घागर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात पुरून ठेवायची. महिना उलटला की उघडायची. बाळंतिणी, म्हातारे, आजारातून उठलेले, सगळ्यांना सासरे ते चमच्यानं द्यायचे. घर मळ्यावर चालायचं, पण सासऱ्यांचं नाव होतं ते या घागरींवर.

लग्नानंतरच्या दिवाळीला मामा मला भेटायला आले. पाहुणा शास्त्रज्ञ, म्हणून सासऱ्यांनी मोठ्या मानानं नवी घागर फोडली आणि चांदीच्या वाटीत द्राक्षासव पुढे केलं. ओसरीवर पानसुपारीला आलेली चार माणसं बसलेली. मामांनी वाटी फिरवली. वास घेतला. घोट घोळवला. मग इकडे तिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “बाई, तस्त आण.”

मी तस्त आणलं आणि मामा त्यात थुंकले.

सासऱ्यांचा चेहरा पडला. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “काहून थुकले व तुहे मामा? बिघडलं का आसव?”

मी काय सांगणार? मामांचे डोळे मिटलेले. “आधी उन्हात वाळलेल्या फळाचा वास,” ते सांगू लागले, “मग फुलांचा तुरटपणा, मग जुन्या लाकडाचा. आणि जिभेवर रेंगाळणारा शेवट लांब आहे, फार लांब.” डोळे उघडून ते सासऱ्यांकडे वळले. “वैद्यबुवा, ही फार उत्तम दारू आहे.”

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मामांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. विलायतेत हिला वाईन म्हणतात, अशी साहेबांच्या पेटीतसुद्धा क्वचित निघते, वगैरे. त्यांच्याजवळची ती सगळ्यांत मोठी शाबासकी होती. एखाद्या गवयाला कुणी ‘वाहवा’ म्हणावं तशी.

“म्हंजे चांगलं जमलं म्हनता?” सासऱ्यांनी चाचरत विचारलं.

“फार चांगलं.”

सासरे खूश झाले. मामा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं अकोल्याला गेले. ती चार माणसं मात्र गावातच राहिली.

आठ दिवसांत आमच्या ओसरीवर खोकल्याची साथ आली. आधी गल्लीतले आले, मग बाजारातले, मग शेलूबाजाराहून एक दमणी भरून धडधाकट गडी उतरले आणि रांगेनं खोकू लागले. “वैद्यबुवा, लय खोकला हाय. थे मनुकाचं औषध द्या.” सासऱ्यांनी एकेक चमचा दिला. एकानं लोटा पुढे केला. “चमच्यानं नाई जात हा खोकला,” म्हणाला. सासऱ्यांनी त्याला अडुळशाचा कडू काढा दिला. तो पुन्हा खोकला नाही.

आणि मग एक दिवस आबकारीचे इन्स्पेक्टर आले. माणूस उग्र नव्हता, थकलेला होता. त्या भागात मोहाच्या भट्ट्या धरत हिंडायचं त्याचं काम. बाजारभर बोलबाला आहे, म्हणाला, की वैद्याच्या घरी उत्तम दारू मिळते आणि तसं एका सरकारी शास्त्रज्ञानं चाखून सांगितलं आहे.

“औषध हाय, साहेब,” सासरे म्हणाले. “वाडवडलापासून करतो.”

“असंल. पण औषधाच्या नावावर मोहाची घालून विकणारे मी पाह्यले आहेत. ज्यानं दारू म्हटली, त्यालेच बोलवा. माझ्यासमोर चाखू द्या. सोमवारी येतो.”

त्यानं घागरींच्या तोंडावर लाखेची मोहर लावली आणि गेला. घागरी जप्त झाल्या तर पुढं कधी आसव करता येणार नव्हतं. सासरे ओसरीवर बसून राहिले. एवढे बोलके गृहस्थ, पण खल हातात घेऊन नुसते त्यात बघत होते.

घरात मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सासूबाई फक्त भाकरी थापताना तव्याशी बोलायच्या. “लोकाच्या सुना माहेराहून लुगडी आनतात. आमच्या सुनेनं आबकारी आनला.” तवा काही उत्तर द्यायचा नाही. मीही नाही.

मामांना निरोप गेला. रविवारी ते गाडीतून उतरले ते रुमाल नाकाला लावूनच. डोळे लाल, आवाज घागरीतून यावा तसा. अकोल्याला थंडीत शेतं तपासत फिरले होते आणि पडसं घेऊन आले होते.

“मामा, वास येतो ना?” मी विचारलं.

“कशाचा?” मामा म्हणाले. मी त्या वेळी हिंग-मिरचीची फोडणी करून आले होते आणि सगळी गल्ली शिंकत होती.

घर हादरलं. सासूबाईंनी तव्याशी बोलणं सोडून मामांकडे मोर्चा वळवला. ओव्याची पुरचुंडी, कांद्याचा वास, हळदीची धुरी, घोंगडी पांघरून वाफारा. मामा घोंगडीखालून म्हणायचे, “विहीणबाई, पुरे.” सासूबाई म्हणायच्या, “बसा गुमान. थुकताना बोलले नाई, आता काहून बोलता?”

खरा वैद्य मात्र ओसरीवरून हलला नाही. सासूबाई त्यांच्यावर खेकसल्या, “अवो, तुमी काहून बसून राह्यले? एक पुडी द्या ना पाव्हण्याले.”

“नाई देत,” सासरे म्हणाले. “उद्या म्हनतील, वैद्यानं साक्षीदाराले काही चारलं.”

सोमवारी सकाळी मामा अंगणात उन्हाला बसले होते. नाकाची एक बाजू जेमतेम उघडली होती. मी चहा नेऊन दिला आणि जवळ बसले. मनात होतं ते बोलून टाकलं.

“मामा, आज एवढंच म्हणा, की हे औषध आहे. दारू म्हणू नका. चुकून तोंडातून गेलं म्हणा.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. सवयीनं घोळवला. मग गिळला.

“चुकून नव्हतं गेलं, पोरी.”

“मला इथं राहायचंय, मामा.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “माझ्याजवळ या जिभेशिवाय दुसरं काही नाही. ती एकदा खोटं बोलली तर मातीबद्दल तरी तिचं कोण ऐकेल?” मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी कपबशी न घेताच आत गेले. माझं लग्न मोठं का माती मोठी, हेच मला कळेना.

इन्स्पेक्टर आले. मोहर फोडली. सासऱ्यांनी वाटी भरली. मी आणि सासूबाई दाराआड. या वेळी त्यांनी मला ढोसलं नाही, माझा दंड धरून ठेवला.

मामांनी वास घेतला, घोट घोळवला, तस्तात टाकला. “साहेब, नाक बंद आहे. जिभेला गोड, आंबट, तुरट एवढंच कळतंय.”

“मंग मागे काय म्हटलं होतं, थे सांगा.”

“म्हटलं होतं, ही फार उत्तम दारू आहे.”

माझ्या दंडावरची पकड घट्ट झाली.

“आणि आजही तेच म्हणतो,” मामा म्हणाले. “मनुका, गूळ आणि ही फुलं बंद घागरीत महिनाभर ठेवली की मद आपोआप येतो. येत नाही ते आसवच नाही, फक्त काढा. वरून मोहाची ओतली असेल तर गुन्हा. ते नाक सांगतं, पण माझं आज बंद आहे. तुमचं उघडं आहे, आणि मोहाची ओळख या मुलखात तुमच्याइतकी कुणाला आहे?”

इन्स्पेक्टर चपापले. “मी? मी कधी पीत नाई.”

“मीही नाही. बसा.”

मग आमच्या ओसरीवर एक पाठ झाला. मामांनी त्या दमलेल्या माणसाला वाटी फिरवायला शिकवली. घाई करू नका. आधी वरचा वास, मग खोल. आता डोळे मिटा. मोह आठवा, भट्टीवर धाड घालता तेव्हाचा. तो उग्र, घशाला लागणारा वास आहे का यात? इन्स्पेक्टरांनी डोळे मिटून एवढा श्वास घेतला की मिशीचं टोक ओलं झालं.

“मोह नाई,” ते हळूच म्हणाले. “मनुका आहे. अन्... कशाचं तरी फूल आहे.”

“आता घोट घ्या. घोळवा. आणि टाका.”

इन्स्पेक्टरांनी घोट घेतला, घोळवला, तस्ताकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्यानं टाकवेना. गिळून टाकला.

त्यांनी वाटी खाली ठेवून मिशी पुसली. मग ते म्हणाले, “वैद्यबुवा, घागरी तुमच्या. देऊन राह्यले तसंच चमच्यानं द्या.” उठताना मामांना म्हणाले, “एक सांगू? तुमी आज ‘यात मद नाहीच’ म्हटलं असतं, तर मी बाटली भरून नागपूरले तपासाले धाडली असती. मले माहीत आहे आसवात मद असते. खोटं कोन बोलते, तेवढंच पाह्याचं होतं.”

सकाळी अंगणात मी जे मागितलं होतं, ते मामांनी दिलं असतं तर घागरीही गेल्या असत्या आणि मीही त्या घरात कायमची खाली मान घालून राहिले असते. राग होता तो कुठे गेला कळलं नाही. मी आत जाऊन मामांसाठी शिरा करायला घेतला आणि तो करपवला. सासूबाईंनी करपलेला भाग काढून बाजूला ठेवला, तव्याला काही सांगितलं नाही.

मामा निघताना सासरे त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेले. मीही मागे होते.

“पाव्हणे, एक इनंती करतो,” सासरे म्हणाले. “पुढच्या दिवाळीले या. चाखा. थुका, जे करायचं थे करा. पन लोकायसमोर थो शब्द नका काढू.”

“मग काय म्हणू?”

सासऱ्यांनी विचार केला. “चांगलं हाय म्हना. तेवढं लय झालं.”

मामांना ‘चांगलं’ हा शब्द किती अपुरा वाटायचा हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी मान्य केलं आणि पाळलं. सासरे होते तोवर दर दिवाळीला ते यायचे, ओसरीवर चार माणसांत वाटी फिरवायचे, “चांगलं आहे” म्हणायचे आणि तोंड मिटून बसायचे. मग पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येऊन पाटावर टेकायचे आणि राहिलेलं सगळं मला हळू आवाजात सांगायचे. यंदा मनुका जुन्या होत्या, यंदा फुलं जास्त पडली, यंदा शेवट आखूड आहे पण गोड आहे. मी भाकऱ्या थापत ऐकायचे. त्यातलं निम्मं मला कळत नसे. पण एवढं खरं बोलणारा माणूस आपल्या चुलीपाशी येऊन बसतो, याचं मला दर वर्षी नव्यानं बरं वाटायचं.