तेराचा रस्ता आणि नागम्माची भिंत

जेसीबीवाला रवी इंजिन बंद करून खाली उतरला आणि म्हणाला, "मॅडम, हा तेराचा रस्ता आहे. इथं मी बकेट लावणार नाही."

तेर म्हणजे रथ. कन्नडात तेरु. आम्ही मैसूरचे मराठी लोक घरात मराठीच बोलतो, पण रथाला कुणी रथ म्हणत नाही, तेरच म्हणतात. आणि हो, इथून पुढचं सगळं बोलणं कन्नडातच झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतेय. शिव्या मात्र गाळल्यात.

मी भर पावसात रस्त्यावर उभी होते. डावीकडं खालची केरी, म्हणजे गावाच्या टोकाची दलित वस्ती. घरांत मांडीभर पाणी. उजवीकडं भातशेती, तिच्यापलीकडं कावेरी, दोन्ही काठ भरून. डावीकडचं पाणी रस्त्याच्या कडेला येऊन ठेपलं होतं आणि उजवीकडं खाली भाताचे शेंडे आरामात डुलत होते. मधे आमच्या खात्यानं बांधलेला रस्ता. रस्ता कसला, गावाला बांध घालून ठेवला होता.

तेव्हा मी रस्ते खात्यात असिस्टंट एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होते. बन्नूरच्या बाजूचे गावरस्ते माझ्याकडं होते. या गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचंय.

आता जरा शास्त्र सांगते, कंटाळू नका. गावाच्या वरच्या अंगानं एक ओढा येतो आणि रस्त्याखालून नदीकडं जातो. रोजच्या पाण्यासाठी रस्त्याखाली पाइप टाकलेले असतात, ती मोरी. मोठा पाऊस झाला की मोरीला पाणी पेलत नाही. म्हणून जुन्या लोकांनी तिथं रस्ता मुद्दाम खोलगट ठेवला होता. खात्यात त्याला डिप म्हणतात. पाणी चढलं की डिपवरून पलीकडं निघून जातं. मोटारसायकलवाले शिव्या देत थांबतात, पण घरं वाचतात.

हा डिप आदल्या वर्षी भरून रस्ता उंच केला होता. का, तर तेरासाठी.

जत्रेत तेर देवळापासून नदीकाठच्या मंडपापर्यंत ओढत नेतात. दोराला पहिला हात लावायचा मान खालच्या केरीचा, पिढ्यान् पिढ्या. एका जत्रेत तेराचं चाक डिपमध्ये रुतलं. तेर वाटेत थांबणं म्हणजे मोठा अपशकुन. खापर कुणावर फुटणार? केरीवर. दोर मनापासून ओढला नाही, कुणी पिऊन आला होता, कुणी उपास मोडला होता, काय वाटेल ते. पुढं पाऊस लांबला तेही त्यांच्याच माथी मारलं. मग केरीचा म्हातारा पुढारी मादय्या स्वतः आमच्या ऑफिसात आला, हात जोडून. "तो खड्डा बुजवून द्या मॅडम. पुन्हा चाक अडकलं तर आमचा मान जाईल."

मी जागेवर जाऊन बघून आले होते. चाक रुततं ते डिपमुळं नाही, चढ एकदम येतो म्हणून. दोन्हीकडचा उतार लांबवायचा आणि वर काँक्रीट करायचं. तेरही जाईल, पाणीही जाईल. हे मी आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनियरांना, म्हणजे माझ्या साहेबांना, स्केच काढून दाखवलं.

"जत्रा तोंडावर आलीय," साहेब म्हणाले. "अध्यक्ष रोज फोन करतायत. भरून टाका. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

अध्यक्ष म्हणजे ग्रामपंचायतीचे चन्नेगौडा. आणि डिपच्या खालची भातशेती कुणाची? त्यांचीच. दर मोठ्या पावसात डिपवरून येणारं पाणी त्यांच्या शेतात वाळू टाकून जायचं. डिप बुजला की शेत आयतं सुरक्षित. म्हणजे मागणी केरीची, फायदा गौडांचा आणि सही साहेबांची. माझा विरोध फायलीत लावला गेला आणि फाइल कपाटात गेली.

आणि आता हा पाऊस.

माणसं उजाडताच वरच्या आळीतल्या शाळेत हलवली होती. जीव वाचले होते, ते देवाचे उपकार. प्रश्न घरांचा होता. केरीतली बहुतेक घरं मातीच्या भिंतींची. मातीच्या भिंतीला वाहत्या पाण्यापेक्षा साचलेलं पाणी वाईट. वाहतं पाणी वरवर घासून जातं, साचलेलं आत मुरतं. भिंतीचा पाय मऊ होत जातो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आपल्याला वाटतं, घर कसं ठणठणीत उभं आहे.

शाळेत न बसता रस्त्यावर येऊन उभी राहिलेली एकच बाई होती. नागम्मा. मादय्याच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. उसाच्या तोडणीला जायची, बांधकामावर पाट्या वाहायची. मागच्या उन्हाळ्यात तिनं स्वतःच्या हातानं माती तुडवून, थर चढवून घर उभं केलं होतं. वर पत्रे घातले होते. जावेच्या पडवीत काढलेली वर्षं संपली म्हणून शेजारणींना पायस वाढलं होतं म्हणे.

"मॅडम, माझं घर राहील का?"

"पाणी लगेच काढलं तर राहील," मी म्हटलं. उगीच धीर द्यायला नाही, हिशेबानं म्हटलं. रस्ता फोडला की पाणी शेतात आणि शेतातून नदीत. नदी अजून शेताच्या बांधाखाली होती. म्हणून तर मी जेसीबी मागवला होता.

तेवढ्यात चन्नेगौडा आले. छत्री दुसऱ्यानं धरलेली.

"मॅडम, तेराच्या रस्त्याला असा हात लावता येत नाही. देवाला विचारावं लागतं."

"डिप बुजवताना विचारलं होतं?"

"तेव्हा देवाचंच काम होतं की."

इकडं कौल लावायची रीत अशी. पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं लावतो आणि सगळे हात जोडून बघत बसतात. उजवं फूल आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. काहीच पडलं नाही तर बसायचं. गौडांनी पुजाऱ्याला निरोप धाडला आणि गाव देवळाकडं निघालं. माझा देवावर राग नाही. मी स्वतः शुक्रवारी चामुंडीला जाते. पण वस्ती बुडत असताना फुलाकडं बघत बसायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांना फोन लावला.

"सर, रस्ता कापतेय."

"कोणाच्या ऑर्डरनं?"

"तुम्ही द्या."

"अहो, गावकरी कौल लावतायत ना? लागू दे. सेंटिमेंटचा प्रश्न आहे. नंतर पेपरात आलं तर कोण बघणार?"

"सर, भिंती भिजतायत."

"भिंतींचं रेव्हेन्यूवाले बघतील. आपलं काम रस्त्याचं आहे."

असं म्हणून साहेबांनी काखा वर केल्या आणि फोन ठेवला. मी देवळाकडं गेले. गाभाऱ्यात ओल इतकी की फुलं मूर्तीला चिकटून बसलेली. पडतील कशी? पुजारी बिचारा घामाघूम. गौडा खांबाला टेकून कॉफी पीत होते. केरीचे पुरुष बाहेर, पायऱ्यांच्या खाली, पावसातच, हात जोडून. मादय्या सगळ्यांत पुढं.

मी त्याच्यावरच ओरडले. "अय्यो, मादय्या! तुमचीच घरं बुडतायत आणि तुम्ही इथं हात जोडून उभे? चला, रवीला सांगा रस्ता फोडायला!"

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बदली होऊन जाल मॅडम. पुढच्या जत्रेत तेर अडकलं तर तुम्हाला कोण विचारणार? आम्हाला विचारतील. कौल लागू दे. मग कुणी आमच्याकडं बोट दाखवणार नाही."

माझा राग दुप्पट झाला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. घर बुडतंय ते चालेल, बोल लागलेला चालणार नाही, इतकं त्या माणसांना घाबरवून ठेवलं होतं गावानं.

दुपार झाली. पाऊस थोडा कमी झाला, पाणी मात्र तसंच. मी रस्त्यावर परत आले तर नागम्मा कुदळ घेऊन उभी. कुठून आणली कोण जाणे. तिनं साडीचा काचा मारला आणि रस्त्याच्या कडेवर पहिला घाव घातला. डांबराचा एवढासा तुकडा उडाला.

कुणीतरी देवळाकडं पळालं. गौडा आले, मादय्या धावत आला, मागोमाग बरंच गाव. त्यानं कुदळीचा दांडा धरला.

"सोड, नागी! आपल्या नावावर येईल!"

"येऊ दे माझ्या नावावर!" ती किंचाळली. "तेर अडकलं तर बोल आपल्याला. घर पडलं तर बोल कुणाला, सांगा की! त्या घराची माती मी माझ्या पायांनी तुडवलीय. देवाला ठाऊक आहे. देवाला ठाऊक नसेल तर मला तसला देवही नको."

गौडा काहीतरी बोलायला लागले, पण मी त्यांना बोलू दिलं नाही. रवीकडं वळले.

"रवी, चढ वर."

"मॅडम, लेखी..."

"लेखी गेलं खड्ड्यात! एवढी माणसं ऐकतायत. ऑर्डर माझी. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, घराचा पत्ता पण सांग. मैसूरला लष्कर मोहल्ल्यात कुणालाही विचार म्हणावं."

रवीनं चपला काढल्या, बकेटला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढला. मी त्याला शेताच्या बाजूनं सुरुवात करायला लावली. आधी खालचा भाग काढायचा, पाण्याच्या बाजूला मातीची भिंत शेवटपर्यंत ठेवायची, नाहीतर पाणी मशीनसकट घेऊन जातं. शेवटची माती त्यानं ओढली आणि मशीन झटकन मागं घेतलं. पाणी असं उसळलं की बायका ओरडल्या. रस्त्याच्या कडा धडाधड आत पडल्या. गौडांच्या भाताचे शेंडे दिसेनासे झाले. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळपर्यंत केरीतली जमीन दिसायला लागली. चिखल, भांडी, एक मेलेलं कोंबडं. नागम्माचं घर उभं होतं. तेवढ्यात देवळातून माणूस धावत आला. फूल पडलं होतं, उजवीकडचं. गौडा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, देवानं परवानगी दिली!" साहेबांचा फोन आला. "वेल डन. जीवितहानी नाही ना? गुड."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तालुक्याहून पंचनामेवाले आले. घराघरापुढं उभं राहून बघायचे आणि पुढं जायचे. नागम्माच्या घरापुढं त्यांच्यातला मुख्य माणूस म्हणाला, "हे उभं आहे."

"आज उभं आहे," मी म्हटलं. "मातीची भिंत पाण्यात नाही पडत, वाळताना पडते. खालचा भाग आकसतो आणि वरचं वजन त्याला पेलत नाही. आठवडाभर थांबा."

"आम्ही आज दिसतं ते लिहितो, मॅडम. पुढं काय होईल ते लिहायला आम्ही ज्योतिषी आहोत का?"

मी नागम्माला बजावलं, मी सांगेपर्यंत आत झोपायचं नाही. तिनं ऐकलं, म्हणून ती वाचली. दोन-तीन दिवसांनी, आभाळात एक ढग नसताना, ओढ्याकडची भिंत खाली बसली आणि तिच्यामागून पत्रे आले. ती बाहेर भांडी घासत होती. मी गेले तेव्हा ढिगाऱ्यातून पत्रे वेगळे काढत होती, वाकलेले एकीकडं, सरळ एकीकडं. रडत नव्हती.

"मॅडम, सकाळीच रस्ता फोडला असता तर राहिलं असतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ती बाई भिंत बांधणारी, तिला काय फसवणार?

"राहिलं असतं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुढचा पत्रा उचलला.

सरकारी मदत तिला मिळाली नाही. घर पडलं त्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणून ते पुरात पडलेलं नाही, असं तालुका ऑफिसचं म्हणणं. मी तिथं जाऊन टेबल बडवलं, आवाज चढवला, शिपायानं मला पाणी आणून दिलं. एवढंच झालं. नागम्मा परत जावेच्या पडवीत गेली.

डिप पुन्हा झाला. लांब उताराचा, काँक्रीटचा, माझ्याच स्केचप्रमाणं. पुढच्या जत्रेत तेर त्याच्यावरून विनासायास गेलं आणि केरीचा मान राहिला. उद्घाटनाच्या पाटीवर साहेबांचं आणि गौडांचं नाव आहे. मला मेमो आला, लेखी आदेश नसताना सरकारी रस्ता फोडल्याबद्दल. मग बदली.

आता निवृत्त झाल्यावर खात्यातली नवीन पोरं कधी घरी येतात, कॉफी पितात, सल्ला विचारतात. मी एकच सांगते. रस्ता फोडायचाच असेल तर सकाळी फोडा. मेमो सकाळच्या कामालाही येतो आणि दुपारच्या कामालाही तोच येतो.