बूड नको

सन एकोणीसशे पंचेचाळीस, मार्गशीर्ष महिना. भात झोडून झालं होतं. लढाई संपली होती, पण लोखंडाला अजून परवाना लागत होता. हे मुद्दाम सांगतो. त्या दिवसांत कर्जतच्या बाजारात दोन लोखंडी कडी सहज मिळाली असती, तर माझ्या तोंडाला काळं लागलं नसतं. बसा, चहा घ्या. मी स्वतःच्या गाढवपणाची गोष्ट कोणाला सांगत नाही. आज सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

मी बुरूड. भिसेगावात घर, बाजारात दुकान. शाळा दुसरीपर्यंत. छापलेलं वाचतो, हाताने लिहिलेलं लागत नाही. पण माझ्या टोपलीतून विहिरीचं पाणी नेलंत तर निम्मं तरी घरी पोचेल, अशी माझी ख्याती होती. थोडी मीच पसरवलेली.

हौसा माझी धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, मीच वाढवली. बांबूच्या मोळ्या खालून गाडीवर फेकायचं काम तिचं. उंचीला माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. पुढे मुंबईला आत्याकडे गेली आणि गिरणीत रिळांच्या खात्यात लागली. त्या गिरणीने बायकांचा बास्केटबॉलचा संघ काढला. तिथल्या मास्तराने हौसाची उंची बघितली आणि तिच्या हातात चेंडू दिला. मोळ्या फेकणारी पोर ती! चेंडू तिला काय जड? चार महिन्यांत रिळं सुटली आणि खेळण्याचा पगार सुरू झाला.

गावाला हे पटेना.

"काय रं, हौसा काय काम करते?"

"खेळते."

"आन पगार कशाचा?"

"खेळायचाच."

"आमची पोरं दिसभर खेळत्यात, त्यांना कोण कवडी देत नाय!"

मी खेळ बघितला नव्हता. तिला एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "उंचावर टोपली असते दादा, तिच्यात चेंडू टाकायचा." टोपली म्हटल्यावर मी पुढचं काहीच विचारलं नाही. टोपलीतलं मला कोण शिकवणार?

तीन वर्षं ती खेळली. मग गिरणीने हात आखडला. निम्म्या बायका खेळाच्या पगारावर राहणार, बाकीच्या परत रिळांवर. कोण राहणार ते दुसऱ्या गिरणीशी होणाऱ्या सामन्यात साहेब ठरवणार. हौसाने सगळ्यांच्या मिनतवाऱ्या करून तो सामना कर्जतच्या शाळेच्या पटांगणात आणला. का? तर दादाने एकदा बघावं. मुंबईला टोपलीच्या जागी लोखंडी कडी असायची, ती भिंतीत पक्की बसवलेली. म्हणून तिने मला कार्ड टाकलं. टपालवाल्याने ते दुकानात वाचलं.

"दादास नमस्कार. दोन मजबूत टोपल्या कर. तोंड दोन विती. बूड नको. तुझी हौसा."

"काय नको?"

"बूड नको."

"नीट बघ. कच्चं बूड नको, असं असंल."

"कच्चं कुठंच नाय."

"मंग लिहायचं राहिलं असंल. बुरडाची पोर हाय ती, बूड नको म्हणंल का? बिनबुडाचं तुमी लोक बोलता. आमी करत नाय."

टपालवाला कार्ड ठेवून निघून गेला. जाताना हसत होता. मला वाटलं, शरमला.

एक टोपली मी केली. तिला तिहेरी बूड घातलं. दुसरीला वेळ नव्हता, म्हणून ती मेव्हण्याला, खालापूरच्या गणूला करायला दिली. आदल्या संध्याकाळी दोन उंच बांबूंवर दोन्ही टोपल्या चढवल्या आणि झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे बांधून पार मढवून टाकल्या. बायको म्हणाली, "लग्नाचा मांडव हाय का हो ह्यो?" मी म्हटलं, "त्याहून मोठं हाय."

दुसऱ्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली. बायका उतरल्या त्या थेट पटांगणात. शाळेचा ताशा वाजत होता. हौसाने वर बघितलं.

"दादा, टोपली कुठं हाय?"

"फुलांत हाय! तीन बुडं घातलीत!"

"काय?"

"तीन बुडं!"

ती हसली, मान हलवली आणि पळाली. ताशात तिला काय ऐकू गेलं, देव जाणे.

पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. शिट्टी झाली. हौसाने चेंडू घेतला, दोन पावलं टाकली आणि लांबूनच वर फेकला. सरळ झेंडूत. धप्प! आणि राहिला.

मी उठून उभा राहिलो. "राहिला! बूड हललं नाय बगा!"

सगळ्या पटांगणात टाळ्या वाजवणारा मी एकटा.

सुभेदार म्हणाले, "चेंडू खाली आला नाही. गुण नाही."

शाळेच्या शिपायाने शिडी लावून चेंडू काढला. हौसा लांबून ओरडली, "दादा, बूड!" मला वाटलं, शाबासकी देते. मी हात वर केला.

तिची कप्तान सुभेदारांशी भांडायला गेली. ते म्हणाले, टोपल्या तुमच्याच बाजूने आल्या, आता मध्यंतराशिवाय त्यांना हात लावायचा नाही. तेवढ्यात पलीकडच्या गिरणीच्या एका बाईने गणूच्या टोपलीत चेंडू टाकला. बूड फाटलं आणि चेंडू खाली. लोकांनी केवढा गलका केला!

मी गणूला धरला. "लाज नाय वाटत? एका चेंडूत बूड गेलं!"

"दाजी, लोक टाळ्या पिटत्यात."

"तुझ्या फजितीला पिटत्यात."

मध्यंतरापर्यंत हौसाने सहा चेंडू टाकले. सहाही राहिले. प्रत्येक वेळी शिडी, प्रत्येक वेळी माझी टाळी. पलीकडच्यांचे आठ पडले, आठही मोजले गेले. मला वाटलं, ही मोजणी सांडलेल्या चेंडूंची. बरी अद्दल घडते आहे!

टोपल्यांचं मी बघतो, असं सुभेदार म्हणाले, तशा बायका पाणी प्यायला शाळेत गेल्या. सुभेदारांनी विचारलं, "टोपल्या कोणाच्या?"

"माझ्या." मी छाती काढली. "ती फाटकी सोडून."

"दोन्ही सारख्या करा. दहा मिनिटं आहेत."

ते घड्याळ बघत निघून गेले. गणू हळूच म्हणाला, "दाजी, मला वाटतं तुमचं बूड काढायचं हाय."

"माझं बूड काढणारा अजून जन्माला यायचा हाय."

शिडी लावली, वर चढलो आणि गणूच्या टोपलीला नवं बूड घातलं. तारेने आवळलं, वर उपडा हात मारून बघितला. दोन्ही सारख्या! दहा मिनिटांत एवढं काम जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. ते खरंही होतं.

बाजू बदलल्या. आता हौसाच्या वाट्याला गणूची टोपली. ती खुशीत आली. पहिलाच चेंडू झेंडूत. धप्प.

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

पुढे पलीकडच्यांचेही माझ्या टोपलीत अडकू लागले. पण त्यांचे आधीचे आठ होते. हौसाने आणखी चार टाकले. शेवटच्याला तिने वर बघितलंच नाही. चेंडू फेकला आणि पाठ फिरवून चालू लागली.

शिट्टी झाली. मी हार घेऊन धावलो. साहेब तिथेच उभे होते, संघातल्या सगळ्या बायका होत्या.

"एक सांडला नाय, हौसे! अकराच्या अकरा ठेवले!"

ती माझ्याकडे बघत राहिली. घामाने डबडबलेली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "दादा, ते पडायला पायजे होते."

आता काय सांगू तुम्हाला? हार माझ्या हातात. ताशावाले अजून वाजवत होते. कोणीतरी त्यांना थांबवलं. मग सगळं पटांगण हसलं. टपालवाला तर खाली बसून हसला.

कप्तानने साहेबांना पुष्कळ सांगितलं. साहेबांनी वही उघडली. हौसाच्या नावापुढे शून्य. त्यांना खेळ कळत नव्हता, वही कळत होती. मीही त्यांच्यापुढे पागोटं काढलं. उभ्या आयुष्यात कोणापुढे काढलं नव्हतं. ते म्हणाले, "वहीत असेल ते खरं."

स्टेशनावर हौसा माझ्याशी एकच वाक्य बोलली. "माज्या अकरा टोपल्या तुज्याकडं निघत्यात."

तिला परत रिळांवर घातलं. ती गेली नाही. आठ दिवसांनी पेटी घेऊन भिसेगावात आली. मोळ्या उचलायची, भाकरी करायची. माझं ताट वाढून समोर ठेवायची आणि आत जायची. संध्याकाळी अंगणात उभी राहून हात वर न्यायची, चेंडू फेकावा तसं मनगट झटकायची. हातात काही नसायचं. मी बघतोय हे कळलं की खाली बसून शेंगा सोलायची. घरात आम्ही तीन माणसं, आणि बायकोने माझा निरोप तिला द्यायचा, तिचा मला. महिनाभर असं चाललं.

मी दुकानात बसून टोपल्या करायला घेतल्या. बिनबुडाच्या. पण टोपली सुरू होते बुडापासून. आधी बूड, मग अंग, मग काठ. बूडच नाही तर हात कुठून सुरू करणार? तीन दिवस मी नुसता बांबू फाडत बसलो. शेवटी नेहमीसारखी पुरी टोपली केली, मांडीवर उपडी घेतली आणि कोयत्याने बूड कापलं. अकरा वेळा. गणू बघायला आला होता. त्याने कापलेली बुडं गोळा केली.

टोपल्या एकात एक घालून खांद्यावर घेतल्या आणि भर बाजारातून निघालो.

"अरं, बुडं कुठं गेली?"

"उंदरांनी खाल्ली का रं?"

मी सरळ चालत राहिलो. अंगणात टोपल्या खाली ठेवल्या. हौसा बाहेर आली, पदर खोचून खाली बसली. एकेक टोपली उचलायची, तिच्यातून हात आरपार घालून बघायची आणि बाजूला ठेवायची. अकरा झाल्या.

"फिटलं," ती म्हणाली.