टेकडीवरची तार

पोलिसाच्या नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली आणि बहुतेकांचे चेहरे विसरलोही. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका टेकडीवर पाहिलेलं एक मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

रविवारची सकाळ होती. पावसाळा नुकताच सरला होता, टेकडीवर कमरेएवढं गवत माजलं होतं. सांगलीचे एक दातांचे डॉक्टर, वय पस्तिशीच्या आत, डोंगरात चालवायची जाड चाकांची सायकल घेऊन मित्राबरोबर उतारावरून खाली येत होते. वळणावर दोन बाभळींच्या मध्ये कुंपणाची तार ताणलेली होती, बरोबर गळ्याच्या उंचीवर. मागून येणारा मित्र सांगत होता की ते ओरडलेसुद्धा नाहीत. रिकामी सायकल तेवढी पुढे गेली आणि चरात जाऊन पडली.

पंचनामा करताना पाहिलं, तार पक्कडीने पीळ देऊन आवळलेली होती. माझे हवालदार म्हणाले, "सायेब, रानडुकरासाठी लावली आसंल." मी म्हटलं, "डुक्कर काय सायकलवर बसून येतं?"

त्या टेकडीवर खालच्या गावाने दोन उन्हाळे श्रमदान करून पाण्यासाठी चर खणले होते, बांध घातले होते. टँकरवर जगलेलं गाव ते. पहिल्या पावसात चर भरले तेव्हा बायकांनी पाण्याची ओटी भरली होती. मग शहरातले सायकलवाले आले. त्यांना बांध म्हणजे उडी मारायला आयता उंचवटा. बांध ढासळले, पाणी फुटलं, खालच्या रानातली माती वाहून गेली. गावाने वाटेवर काट्या टाकल्या, त्या यांनी बाजूला सारल्या. इथपर्यंत गावाचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही.

चौकशीला गेलो तर ज्याला विचारावं त्याच्या तोंडी एकच वाक्य. "आमाला काय म्हाईत न्हाई." लोक आपापलं खोटं बोलतात तेव्हा प्रत्येकाचं खोटं वेगळं असतं. सगळ्यांचं खोटं एकसारखं आलं की समजावं, बैठक झाली आहे.

इकडे डॉक्टरांचे वडील रोज सांगलीहून येऊन ठाण्याच्या बाकावर बसत. निवृत्त माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. फाशी द्या, बदला घ्या, असलं काही त्यांनी कधी मागितलं नाही. "तार कुणी बांधली, एवढं कळू द्या," इतकंच म्हणायचे. त्यांच्यासमोरून केबिनमध्ये जायची मला लाज वाटू लागली.

खबर आली ती बाजाराच्या दिवशी. शेजारच्या गावच्या एकाने चहा पिता पिता हवालदारांच्या कानात घातली. हवालदार धापा टाकत आले. "सायेब, आख्ख्या गावानं बेल-भंडारा उचललाय. नाव घ्यायचं न्हाई म्हणून. एकट्या मुलाण्यानं तेवढा उचलला न्हाई."

देवाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ आमच्याकडे कोर्टातल्या शपथेपेक्षा भारी. ती मोडायला कुणी धजत नाही. मुलाणी मात्र बैठकीत हजर असूनही मोकळा होता. जत्रेत देवापुढचं बकरं कापायचा मान त्याच्या घराचा, पण तो मुसलमान, भंडारा त्याचा नव्हे, म्हणून त्याच्यापुढे कुणी तो धरलाच नव्हता. मला वाटलं, जिंकलो.

त्याला बोलावून घेतलं. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुम्ही शपथ घेतलेली नाही. मग बोलायला अडचण कसली?"

"मला कुणी घ्या म्हणालंच न्हाई, सायेब."

"तेच म्हणतोय मी."

"आवं, का न्हाई म्हणालं? मुलाणी गावाभाईर बोलंल आसं कुणाच्या मनातबी आलं न्हाई. मग मला ती शपथ घेतल्यागतच हाय की."

तरी त्याला रोज सकाळी बोलवायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत पाठवायचं, असा क्रम लावला. आरोपीवर मी कधी हात उचलला नाही असं सांगितलं तर माझे जुने सहकारी हसतील. साक्षीदारावर मात्र कधीच नाही. त्याला जेवण देत होतो, नमाजाला कोपऱ्यातली खोली दिली होती. तो जेवायचा, नमाज पढायचा आणि गप्प बसायचा.

एका सकाळी हजेरी चालू असताना त्याच गावचा एक माजी सैनिक आत आला आणि ताठ उभा राहिला. "मुलाण्याला आता बोलवू नका. तार मी बांधलीया."

त्याला बसवलं. गावाने ठरवलं होतं ते असं: तार बांधायची आणि लांबून दिसावी म्हणून तिला लाल चिंध्या लावायच्या. तार बघून सायकलवाले मागे फिरतील. काम फौजीकडे दिलं होतं, कारण त्याचंच रान सगळ्यात जास्त वाहून गेलं होतं.

"चिंध्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"घरी. आदल्या आयतवारी हात जोडून सांगितलं हुतं त्यास्नी, गड्यांनो, बांधावरनं नका जाऊ. लय हसली. त्यातल्या एकानं माझा फोटू काढला. तार बांधून झाली, चिंध्या खिशातच हुत्या. बांधायला हात वर केला, आन् न्हाई बांधल्या."

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने स्वतः उरलेली तार, पक्कड आणि चिंध्यांचं गाठोडं काढून दिलं. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. तारेची टोकं जुळल्याचा अहवाल आला. सदोष मनुष्यवधाची शिक्षा लागली.

डॉक्टरांच्या वडिलांना मी सगळं सांगितलं, चिंध्यांचंही. ते उठले, नमस्कार केला आणि गेले. पुन्हा ठाण्यात आले नाहीत.

वर्तमानपत्रात माझं कौतुक छापून आलं आणि प्रकरण संपलं असं मी धरून चाललो. गावात मात्र वेगळाच निकाल लागला होता. ज्या दिवशी फौजी आत गेला त्याच दिवसापासून मुलाण्याचे हेलपाटे थांबले, एवढं गावाला पुरलं. मी स्वतः जाऊन पारावर सांगितलं, हा माणूस एक शब्द बोलला नाही. फौजी आपणहून आला. लोकांनी ऐकून घेतलं, चहासुद्धा पाजला. पोलीसच वकिली करतोय म्हटल्यावर उरलीसुरली शंकाही फिटली असणार. फौजीने तुरुंगातून तेच सांगितलं, तर लोक म्हणाले, तो मनाचा मोठा आहे, मुलाण्याला झाकतोय.

त्या वर्षी जत्रेत बकरं कापायला दुसऱ्या गावचा माणूस आणला.

पुढे मुलाणी कराडला गेला आणि त्याने कोंबड्यांचं दुकान टाकलं. मी निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम गेलो. त्याने हात धुऊन स्टूल पुढे केलं, पोरांची चौकशी केली. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्यामुळं तुमचं गाव सुटलं."

"तुमची काय चूक न्हाई, सायेब. तुमी तुमचं काम केलं." मग सुरी पुसत तो शांतपणे म्हणाला, "फकस्त एक करायला पायजे हुतं. दोन फटकं घालायचं हुतं मला. रोज सांजच्याला पोट भरून, धडधाकट घरी जायचो मी. वळ आसता तर मी बोललो न्हाई ह्ये गावानं मानलं आसतं."