दादाचं न फोडलेलं खोकं

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. पायात थोडी ताकद परत आली, उजवा हात लुळाच राहिला आणि वाचा गेली. पूर्ण गेली असती तर कदाचित आम्ही लवकर हार मानली असती. त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "पण". पाणी हवं असलं तरी पण, पाठ खाजली तरी पण, रडू फुटलं तरी पण. त्याला सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं की ते खरं वाटायचं आणि त्यामुळेच बघवायचं नाही.

संगमनेरला त्याचं स्टेशनरीचं दुकान. आजारपणानंतर ते वहिनीच चालवत होती. मी नगरला शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडून तिच्या मदतीला जायचे. नाशिकला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. सलग काही महिने आणा, मग सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यासाठी आमच्याकडे काही उरलं नव्हतं. वहिनीच्या बांगड्या आधीच गेल्या होत्या.

मग एका शनिवारी वहिनीने माळ्याकडे बोट दाखवलं.

"ताई, ते खोकं इकायचं हाय."

ते खोकं म्हणजे दादाचा जीव होता. आम्ही शाळेत असताना एका च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेट खेळाडूंची कार्डं यायची. तेव्हा दुकान वडिलांचं होतं, गोळ्या-बिस्किटांचं. ते च्युइंगम बंद झालं तेव्हा शेवटचं भरलेलं खोकं दुकानात उरलं, आणि दादाने हट्ट करून ते फोडू दिलं नाही. पुढे मोठेपणी तो खरोखरच कार्डं जमवणारा झाला. त्याच्या मोबाईलवर अशा वेड्यांचा एक ग्रुप होता. त्यातल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी ते सीलबंद खोकं दोनदा मागितलं होतं. दादा म्हणायचा, "फोडलं की संपलं. आणि विकलं तरी संपलं."

वहिनीने त्याच्याच मोबाईलवरून त्या गृहस्थांना फोन केला होता. दादाला विचारलं का, असं मी तिला विचारलं नाही. विचारून तो काय सांगणार होता?

रविवारी सकाळी ते आले. साठीचे, शांत गृहस्थ. आधी दादाशेजारी कॉटवर बसले, त्याचा डावा हात हातात घेतला. मग पातळ हातमोजे घालून त्यांनी खोकं टेबलावर घेतलं. प्लॅस्टिक काढलं. बॅटरीचा उजेड टाकून चिकटपट्टी तपासली. मग खोक्याला नाक लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, वास येतोय. प्लॅस्टिकच्या आत दमट राहिलंय. असंच्या असं मी नाही घेऊ शकत. आत काय आहे ते बघितल्याशिवाय भाव बोललो, तर तुम्ही तरी फसाल नाहीतर मी तरी."

"मंग फोडा," वहिनी म्हणाली.

"पण!" दादा कॉटवरून ओरडला. उठायला गेला आणि एका बाजूला कलंडला. मी धरलं तर त्याने मला ढकललं. "पण! पण!"

आजारी पडल्यापासून वहिनी त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलायची. जेव बरं, शाब्बास, हात पुस. त्या क्षणी ते सगळं गळून पडलं.

"काय पण? काय पण अहो?" ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमाला बोलतं करायचं का ते खोकं पूजायचं? मी यकटी कुठवर वढू? दुकान मी बघू, तुमाला मी उचलू, आन् रात्री तुमी रडता ते बी मीच ऐकू? सांगा की! तुमीच सांगा, काय करू मी?"

वर्षभरात तिने त्याला पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. दादाच्या मात्र आलं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने डावा हात पुढे केला आणि टेबलावरच्या कटरकडे बोट दाखवलं.

मी टेबल कॉटजवळ ओढलं आणि कटर त्याच्या हातात दिला. त्याचा हात सरळ चालत नव्हता. कटर दोनदा घसरला. आम्ही कोणी मदत केली नाही. चिकटपट्टी फाटली आणि खोलीभर एक कुबट गोड वास पसरला, काकवी उतू जाऊन जळल्यासारखा.

वरचा थर गेलेलाच होता. च्युइंगम विरघळून तपकिरी झालं होतं आणि त्यात कार्डं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. कोपऱ्यातून मुंग्यांनी वाट केली होती. त्या गृहस्थांनी एकेक पाकीट उचललं, वेगळं करून पाहिलं, बाजूला ठेवलं. बराच वेळ फक्त कागद फाटल्याचा आवाज येत होता. वहिनीने पदर तोंडाला लावला होता.

अगदी मधल्या थरातली काही पाकिटं मात्र कोरडी निघाली. ते भिंगाखाली कार्डाचे कोपरे बघायचे, चौकट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघायचे, कार्ड तिरकं धरून चकाकी बघायचे. चांगलं कार्ड उजवीकडे, डागाळलेलं डावीकडे. उजवीकडचा ढीग बोटभरही होत नव्हता. त्यातही दादा वाकून एखादं कार्ड उचलायचा, त्याच्या कडेवर अंगठा फिरवायचा आणि ते डावीकडे टाकून द्यायचा.

"आसू द्या की ते तिकडं!" वहिनी कळवळून म्हणाली.

ते गृहस्थ हसले नाहीत. "त्यांचं बरोबर आहे वहिनी. कड दबलीय," एवढंच म्हणाले.

मला ते सहन होईना. एवढं कळतं, मग एक नाव का येऊ नये? मी चांगल्या ढिगातलं एक कार्ड उचलून त्याच्यासमोर धरलं. लहानपणी ज्याचं कार्ड दादा पोटावर ठेवून झोपायचा, त्या खेळाडूचं.

"दादा, हा कोण? सांग ना." नाशिकच्या बाईंनी शिकवलं होतं तसं मी पहिलं अक्षर ओठांनी करून दाखवलं.

त्याने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. "प... प..."

"नाही, हे बघ, माझ्या ओठांकडे बघ."

"पण."

मी दुसरं कार्ड धरलं. मग तिसरं. मला थांबता येईना. माझा आवाज चढत गेला, वर्गातल्या मुलावर चढतो तसा. त्याने डाव्या हाताने टेबलावरचं सगळं जमिनीवर लोटलं, चांगलं आणि वाईट एकत्र. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्याची पाठ हलत होती.

त्या गृहस्थांनी हातमोजे काढले, गुडघ्यावर बसून एकेक कार्ड वेचलं, पुन्हा निवडलं. जेवढी धड राहिली तेवढी घेतली आणि त्यांचे योग्य ते पैसे दिले. जाताना दादाच्या पाठीवर हात ठेवून गेले.

त्या पैशांवर नाशिकच्या खेपा पावसाळा संपेपर्यंत झाल्या. शब्द आला नाही. शेवटच्या दिवशी त्या बाई म्हणाल्या, "आता घरीच करत राहा. उगाच दमू नका." याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. सिन्नरला गाडी थांबली तशी वहिनी चहा आणायला उतरली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ती टपरीवरच असताना गाडी सुटली. मी खिडकीबाहेर बघत होते, माझ्या लक्षातच आलं नाही. दादा उठला. एका हाताने, एका पायावर, समोरच्या दांड्यावर मूठ आपटू लागला. सगळी गाडी वळून बघू लागली. कंडक्टरने घंटी ओढली तरी तो थांबेना.

वहिनी धावत आली. दोन्ही कप तिच्या साडीवर सांडले होते. ती त्याच्याशेजारी बसली, धाप लागलेली.

"ऱ्हायले आसते मी मागं," ती म्हणाली.

त्याची मूठ सोलली होती. तिने ती पदरात धरली आणि संगमनेर येईपर्यंत सोडली नाही.